आजाराचे निर्णय बरेपणी

बायपोलर आजार म्हटले की त्याची दोन टोकेच आपल्या डोळ्यांसमोर येतात. एका टोकाला उन्माद: रात्ररात्र झोप नाही तरी थकवा नाही, बोलणे थांबत नाही, खिशात नसलेले पैसे वाटले जातात, कुणी अडवले की भडका उडतो. दुसऱ्या टोकाला उदासी: अंथरुणातून उठवत नाही, घास गिळवत नाही, जगायचे कशासाठी ते कळत नाही. या दोहोंच्या मध्ये जो काळ जातो, कधी काही महिन्यांचा, कधी काही वर्षांचा, तिकडे मात्र कुणाचे लक्ष नसते, कारण तेव्हा तक्रारच नसते. माणूस शेत बघतो, दुकानावर बसतो, मुलांचा अभ्यास घेतो. माझे म्हणणे असे की या आजारातला सर्वांत मोलाचा काळ हाच आहे आणि तोच आपण रिकामा जाऊ देतो. उचल खाल्लेल्या आजाराचा अनुभव एक-दोनदा घेतलेल्या माणसाला आपल्याला काय होते, कोणत्या गोळीने उतार पडला, कोणाचे ऐकले आणि कोणाला पाहून राग आला, हे बरे असताना नेमके ठाऊक असते. उन्माद चढला की हीच माहिती त्याच्या हातून सुटते. आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नाही. म्हणून पुढच्या वेळी काय करायचे ते रुग्णाने स्वतः, बरा असताना, घरच्यांना आणि डॉक्टरांना सोबत घेऊन कागदावर लिहून ठेवावे. हा सल्ला मी सोय म्हणून देत नाही. माझ्या मते गोळ्यांच्या खालोखाल महत्त्वाचा उपचार तो हाच.

आजार फारसा दुर्मिळही नाही. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी ०.५ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी बायपोलर आजार झाल्याचे आढळले, आणि अशा रुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांना उपचार मिळत नव्हते. त्या बारा राज्यांत कर्नाटकही नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता, त्यामुळे ते आकडे आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या भालकी-औरादला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण दोनशे प्रौढांमागे एक हे प्रमाण धरले, तर दोन हजार प्रौढांच्या गावात अशी दहा माणसे निघतील. त्यातल्या कित्येकांच्या घरी हा आजार ‘डोके फिरले’, ‘बाहेरचे झाले’ एवढ्याच नावाने ओळखला जात असेल.

आपल्या सीमाभागात आगाऊ ठरवण्याची गरज आणखी वाढते, ती अंतरामुळे आणि पर्यायांच्या गर्दीमुळे. भालकीहून बिदर जवळजवळ चाळीस किलोमीटर. उदगीर दुसऱ्या दिशेला साधारण तेवढेच. तिथून पुढे लातूर, इकडे कलबुर्गी, आणि ‘मोठ्या ठिकाणी’ न्यायचे म्हटले तर सोलापूर किंवा हैदराबाद. रात्री दोन वाजता मुलगा घरातली भांडी अंगणात फेकत असताना मामा म्हणतात उदगीर, चुलते म्हणतात बिदर, शेजारचे सुचवतात दत्ताचे गाणगापूर, आणि या चर्चेत तीन-चार दिवस निघून जातात. दरम्यान गोळ्या बंद असतात, झोप उडालेली असते आणि उन्माद रोज वरच्या पायरीवर जात असतो. मागची चिठ्ठी उदगीरच्या डॉक्टरांची, त्याआधीची हैदराबादची, रक्ताचा रिपोर्ट तिसऱ्याच पिशवीत. नवा डॉक्टर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दत्तदर्शनाला माझा विरोध नाही. माणसाला तिथे धीर मिळत असेल तर जरूर जावे. पण कोणत्याही देवस्थानी जाताना गोळ्यांची डबी सोबत असावी आणि ती थांबवू नये, हे वाक्य कागदात लिहिलेले असले म्हणजे त्या रात्री वाद घालावा लागत नाही.

असे लिहून ठेवल्याने खरोखर फरक पडतो का, हे विचारायलाच हवे. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये ६९ बायपोलर रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्याशिवाय आपापल्या आजाराची सुरुवातीची चिन्हे ओळखायला आणि ती दिसताच लगेच मदत मागायला शिकवले. पहिल्या गटात १७ आठवड्यांतच चारातल्या एकाला पुन्हा उन्माद झाला. शिकवलेल्या गटात त्याच प्रमाणाला पोचायला ६५ आठवडे लागले. औषधात बदल नव्हता. बदल होता तो केवळ पूर्वतयारीचा. उदासीच्या बाबतीत मात्र असा फायदा दिसला नाही आणि ते मी लपवणार नाही. पुढे २००४ मध्ये इंग्लंडमध्येच १६० जणांवर दुसरी चाचणी झाली. रुग्ण आणि उपचार करणारे यांनी एकत्र बसून आणीबाणीची योजना लिहिली, तेव्हा इच्छेविरुद्ध दाखल कराव्या लागलेल्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १३ वर आले.

इथे विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. याच पद्धतीची ५६९ जणांवरची मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात सक्तीच्या दाखल्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही: योजना असलेल्यांत १८ टक्के, नसलेल्यांत २० टक्के. मग २००४ चा निकाल योगायोगाचा होता का? मला तसे वाटत नाही. त्या मोठ्या चाचणीत अनेक ठिकाणी योजना उरकल्यासारखी लिहिली गेली. उपचार करणाऱ्यांनी ती आपली मानली नाही. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीने याला बळकटी दिली. तिथे ३९४ रुग्णांपैकी निम्म्यांना असा कागद लिहायला मदत केली ती स्वतः मनोविकारातून गेलेल्या, प्रशिक्षित माणसांनी. वर्षभरात सक्तीने दाखल कराव्या लागलेल्यांचे प्रमाण त्या गटात २७ टक्के, दुसऱ्या गटात जवळजवळ ४० टक्के. मला यातून एवढे दिसते की नुसत्या फॉर्मने काही होत नाही. रुग्णाने आपल्या शब्दांत, विश्वासाच्या माणसाजवळ बसून लिहिलेला आणि डॉक्टरांनी वाचलेला कागदच उपयोगी पडतो. बायको किंवा भाऊ ‘त्याच्या भल्यासाठी’ परस्पर लिहून ठेवतील तर तो कागद ऐन वेळी रुग्णाच्या हाती भांडणाचे कारणच देईल.

या कागदाची सुरुवात चिन्हांनी करा, आणि ती पुस्तकी नकोत. ‘चिडचिड वाढते’ हे कुणालाही लागू पडते. ‘पहाटे तीनला उठून घर झाडायला लागतो, जुन्या मित्रांना एकामागून एक फोन करतो, गाडी वेगात चालवतो, जमिनीचा सौदा करायचा म्हणतो’ हे तुमचेच असते. प्रत्येकाची चिन्हांची साखळी दर वेळी बरीचशी सारखी येते, म्हणून मागच्या दोन वेळी पहिल्या आठवड्यात काय काय घडले ते घरच्यांना विचारून क्रमाने लिहा. झोप त्यात जवळजवळ नेहमी असते. झोप कमी होणे हे उन्मादाचे पहिले लक्षण आहे, तसेच ते उन्मादाचे कारणही आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. लग्नसराई, गणपतीच्या रात्री, मैलारच्या मल्लण्णाचे किंवा घरच्या खंडोबाचे जागरण-गोंधळ: रात्रभर जागणे हा आपल्या भागातल्या आनंदाचाच एक भाग आहे. बायपोलर असलेल्या माणसाने त्या आनंदातून बाहेर राहावे असे मी म्हणणार नाही, पण अकरा वाजता उठून झोपायला जाण्याची मुभा घरच्यांनी त्याला आधीच दिलेली असावी आणि ‘देवाच्या कामाला पाठ दाखवली’ असे कुणी म्हणू नये. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली आणि तरी उत्साह उतू जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, अशी एक स्पष्ट रेघ कागदावर आखून घ्या. त्या वेळी कोणती गोळी किती वाढवायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. स्वतःच्या मनाने वाढवू नका आणि थांबवू तर मुळीच नका. लिथियम एकदम थांबवले की उन्माद उसळून परत येण्याचा धोका मोठा असतो.

लिथियमबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या हवेशी त्याचे वैर आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला आणि आजही बायपोलरमध्ये, विशेषतः आत्महत्येचा धोका कमी करण्यात, त्याच्या तोडीचे औषध थोडेच. पण त्याची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात राहावी लागते, आणि १.५ च्या वर ते विषारी ठरू लागते. म्हणजे उपयोग आणि अपाय यांच्यातले अंतर लहान आहे. बिदर-कलबुर्गीच्या एप्रिल-मे महिन्यांत घामाने शरीरातले पाणी आणि मीठ गेले, जुलाब लागले, निर्जळी उपवास किंवा रोजा धरला, किंवा अंग दुखते म्हणून मेडिकलवरून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून घेतली, की ही पातळी चढू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तसेच होते. म्हणून कागदात ठळक लिहा: मी लिथियम घेतो; मला विचारल्याशिवाय वेदनाशामक देऊ नका; हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे, गुंगी यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी न देता लगेच दवाखान्यात न्या आणि लिथियमची रक्ततपासणी करायला सांगा. साधारण दर सहा महिन्यांनी मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी व्हावी, तिच्या तारखाही इथेच टिपून ठेवा. उपवास मोडायला सांगणारा डॉक्टर अनेकांना रुचत नाही, पण औषध घेणाऱ्याला व्रतातून सूट असते हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा तोंडाने सांगितले की प्रश्न बराच सुटतो.

बायकांच्या कागदात एक भाग जादा असला पाहिजे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा या आजाराच्या दृष्टीने आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ असतो. जागरण, गोळ्या बंद केलेल्या, शरीरात वेगाने होणारे बदल, सगळे एकदम येते. व्हॅलप्रोएट हे एरवी चांगले औषध गर्भाला घातक आहे, त्यामुळे मूल हवे असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलणे झालेले असावे. गर्भ राहिल्यावर घाबरून सगळ्याच गोळ्या फेकून देणे हा उपाय नव्हे. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी. भालकीची मुलगी उदगीरला दिलेली असते किंवा निलंग्याची बसवकल्याणला. म्हणजे डॉक्टर बदलतो, राज्यही बदलते आणि आजाराची माहिती सासरी राहून जाते. किंवा उलट, माहेरी सगळे ठाऊक आणि सासरी काहीच नाही. कागदाची एक प्रत दोन्ही घरी हवी. रात्री बाळाला कोण घेईल आणि आईला सलग पाच-सहा तास झोप कशी मिळेल, हे त्यात नावानिशी लिहिलेले असावे.

पैशाचे बोलणे अवघड, पण उन्मादात घर बुडते ते पैशातच. बरे असताना रुग्णाने स्वतः ठरवावे की चिन्हे दिसू लागली की एटीएम कार्ड, मोटरसायकलची किल्ली आणि जमिनीचे कागद कोणाच्या हाती द्यायचे, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा किती ठेवायची, मोठ्या खात्यावर दोघांच्या सह्या लागतील अशी व्यवस्था करायची का. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे मन ठिकाणावर नसताना केलेला करार टिकत नाही, पण ते कोर्टात सिद्ध करण्यापेक्षा सौदा न होणे बरे. उदासीच्या बाजूला तितकीच महत्त्वाची एक तयारी आहे. शेतकरी घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. विष हाताशी नसले तर तो जीवघेणा क्षण टळू शकतो आणि तेवढ्यात मदत पोचते. म्हणून अशा घरात फवारणीचे औषध ठेवूच नये, ते भावकीतल्या दुसऱ्या घरी कुलपात असावे, आणि गोळ्यांचा साठाही एका वेळी आठवड्याभराचाच रुग्णाच्या हाती असावा, हे आधी ठरवून ठेवा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारायला घाबरू नका. विचारल्याने विचार वाढत नाहीत. उत्तर ‘हो’ आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

या कागदाला कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून देशभर लागू झाला. त्याच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा वाटा होता. या कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, पूर्वी मनोविकार झालेला असो वा नसो, आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला: माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावे. हा बोलणारा माणूस म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी. त्याची नेमणूक साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून होते. तो जवळचा नातेवाईकच हवा असे नाही. मित्र, शिक्षक, कुणीही विश्वासाचा प्रौढ माणूस चालतो. अनेकांच्या मनात इथेच शंका येते की भावाच्या हाती असा अधिकार दिला तर तो जमीन लाटेल. तसे होत नाही. प्रतिनिधीचा अधिकार उपचारांपुरता आहे, मालमत्तेशी त्याचा संबंध नाही, आणि पटेनासा झाला तर रुग्ण त्याला कधीही बदलू शकतो. निर्देश लागू होतो तोही रुग्णाची उपचारांविषयी निर्णय घेण्याची क्षमता हरपलेली असेल तेवढ्याच काळापुरता.

‘उन्मादात तो हा कागद फाडून टाकेल, मग काय?’ हा आक्षेप रास्त आहे. कायद्याने निर्देश बदलण्याची, रद्द करण्याची मुभा दिली आहे, पण त्यासाठी तो करताना जी पद्धत पाळली तीच पाळावी लागते. रागाच्या भरात फाडला म्हणजे तो रद्द झाला असे नाही. दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा: रुग्ण ‘मला कोणतेच औषध नको’ असे लिहून ठेवतील. बायपोलर असलेल्या लोकांना विचारले तेव्हा चित्र वेगळे दिसले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५६५ पैकी ४६३ जणांनी, म्हणजे ८२ टक्क्यांनी, आपण आजारात नाही म्हटले तरी उपचार करा असे आधीच लिहून ठेवण्याच्या बाजूने मत दिले. ज्यांनी उन्मादाची किंमत मोजली आहे, त्यांना ती पुन्हा मोजायची नसते. तरीही एखादा निर्देश धोकादायक वाटला, तर डॉक्टर किंवा नातेवाईक मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाऊ शकतात. जिवावर बेतलेल्या प्रसंगी तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत करता येतात आणि त्यांना निर्देश आड येत नाही. साखळदंडाने बांधणे मात्र याच कायद्याने कोणत्याही स्वरूपात मना आहे, घरचे कितीही थकलेले असले तरी.

तिसरा आक्षेप तोंडावर कुणी घेत नाही, पण सर्वांत मोठा तोच: अभद्र आधी लिहू नये, आणि कागद कुणाच्या हाती पडला तर सोयरीक मोडेल. या भीतीची मी चेष्टा करणार नाही. तिने मोडलेली लग्ने खरी आहेत. पण आजार गुप्त राहतो तो शांत असताना. भर बाजारात उन्माद आला की सगळ्या गावाला कळते. लवकर ओळखून घरातच आटोक्यात आणलेली उचल हीच गुप्ततेची खरी हमी आहे. कागद तीन-चार माणसांपलीकडे जाण्याची गरज नाही, आणि डॉक्टरांवर गोपनीयतेचे कायदेशीर बंधन आहे.

आता भाषेचे. तुमचा निर्देश मराठीत असेल आणि बिदर, कलबुर्गी किंवा धारवाडला रात्रपाळीच्या डॉक्टरांना मराठी येत नसेल, तर तो कागद नसल्यात जमा. निर्देश डॉक्टरांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी कायद्याने लिहिणाऱ्यावर आणि त्याच्या प्रतिनिधीवरच टाकली आहे. म्हणून मूळ मराठीत, आपल्या शब्दांत लिहा, आणि त्याचा अर्थ कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत दुसऱ्या पानावर उतरवून घ्या. शाळेतले शिक्षक हे काम तासाभरात करतील. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. कायदा केंद्राचा असल्याने उदगीरला लिहिलेला निर्देश बिदरलाही दाखवता येतो. एक प्रत फायलीत, एक प्रतिनिधीकडे, एक डॉक्टरांकडे, आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. मनोविकारतज्ज्ञ जवळ नाहीत ही अडचण खरी आहे, पण कर्नाटकच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात ठरावीक मंगळवारी ते तालुका रुग्णालयात येतात. आपल्याकडचा दिवस आशाताईंकडून विचारून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठी निवडता येते. तो कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि आजाराची उचल येऊन गेली, की माणूस पूर्ण सावरल्यावर महिन्याभरात सगळ्यांनी पुन्हा एकदा बसा, काय कामी आले आणि काय नाही ते त्यालाच आधी विचारा, आणि जुन्या पानावर खाडाखोड न करता नवे पान लिहून त्यावर तारीख घाला.